खाऱ्या बांगड्याचं पथ्य

अहिल्याबाई तांडेल फार बोलतात, असं दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांचं मत आहे. लिफ्टमध्ये बोलतात, भाजीवाल्याशी बोलतात, आणि घरात तर विचारूच नका, आवाज जिन्यापर्यंत येतो. बरं, घरात ऐकणारं माणूस एकच, त्यांचे यजमान श्यामकांत, आणि तेही फारसं उत्तर देत नाहीत. "आंटीजी को चुप रहने की गोली दिलवाओ," असं तळमजल्यावरचे एक गृहस्थ गमतीनं म्हणाले होते. म्हणोत बापडे. ज्याचं जळतं त्याला कळतं. दोन वर्षांपूर्वी याच बाई नवऱ्याशी सलग अकरा दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या, हे त्या गृहस्थांना कुठून ठाऊक असणार?

अहिल्याबाई मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, कोळ्याची पोर. सातवी झाली आणि आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसू लागल्या. माशाचा कल्ला उचलून बघायचा, पोटावर अंगठा दाबायचा, आणि मासा कालचा की आजचा ते सांगायचं. त्यात त्यांना फसवणारा गावात कुणी नव्हता. श्यामकांत त्याच गावचे, नाखव्याचे चिरंजीव. पहाटे बापाबरोबर होडीवर जायचे, जाळी ओढायचे, आणि होडी किनाऱ्याला लागली की पुस्तक घेऊन बसायचे. एका परीक्षेत पास झाले आणि केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, नेमणूक थेट दिल्लीत. गावात केवढं कौतुक! लग्न करून अहिल्याबाई सरकारी क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा त्यांना हिंदीची चारच वाक्यं येत होती.

दिल्लीची थंडी त्यांनी सोसली, उन्हाळा सोसला, पण दिल्लीची मासळी काही सोसवेना. नदीतला मासा त्यांना चिखलासारखा लागे. समुद्रातला म्हणून जो मिळे तो बर्फात चार दिवस निजून आलेला. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाजारात एका पापलेटाचा कल्ला उचलला, पोटावर अंगठा दाबला आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणाल्या, "भैया, ये तो कब का मर गया." दुकानदार म्हणाला, "माताजी, ज़िंदा कौन बेचता है?" त्या तशाच परत आल्या. बर्फातला मासा खोटं बोलतो, हे त्यांचं ठाम मत. खारवलेला मासा मात्र खोटं बोलत नाही, तो ताजा असतानाच मिठात गेलेला असतो.

म्हणून गावाहून डबा येऊ लागला. श्यामकांतांच्या थोरल्या बहिणीचा, वैजयंतीचा. वैजयंतीबाई विधवा, बिनमुलाच्या, भावावर जीव टाकणाऱ्या. स्वतः बांगडे निवडायच्या, चिरून साफ करायच्या, पोटात आणि अंगावर मीठ चोळून थरावर थर लावायच्या, वर दगड ठेवायच्या, आणि मग कडकडीत उन्हात वाळवायच्या. पत्र्याचा डबा, वर फडकं, त्यावर चिकटपट्टीचे सात वेढे. कुरियरवाले वासाच्या भीतीनं घेत नसत. मग गावचं कुणी ना कुणी दिल्लीकडे निघालं की त्याच्या गळ्यात तो डबा पडे. आणि डबा आला की तांडेलांच्या घरी सण.

जाळं ओढणाऱ्याची भूक श्यामकांत दिल्लीला घेऊन आले होते, काम मात्र खुर्चीवरचं मिळालं. होडीवर घाम गळायचा, तेव्हा खारट खाल्लेलं अंगातून निघून जायचं. इथं डोक्यावर पंखा, पुढं तर एसी आला. भूक तीच, ताट तेच, आणि घाम बंद. निवृत्त झाले तेव्हा वजन चौऱ्याण्णव किलो होतं, आणि जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर उगाच नावाच्या पाट्या वाचत थांबायचे. लेकीच्या लक्षात आलं ते. त्यांची लेक स्वरूपा नोएडात नोकरी करते, तिथंच राहते आणि दर रविवारी मेट्रोनं द्वारकेला येते. तिनंच बापाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दोनदा दाब मोजला. "एक सौ अस्सी! तांडेलजी, आप चल कैसे रहे हैं?"

गोळी सुरू झाली. मग पथ्य. डॉक्टर सांगत होते आणि अहिल्याबाई मान हलवत होत्या. अचार बंद, पापड बंद, समोसा-कचोरी बंद, जेवणात मीठ आधं, वजन खाली. सगळं ऐकून घेऊन त्यांनी जीव मुठीत धरून विचारलं, "और मछली?"

"मछली? बहुत बढ़िया! मटन छोड़िए, मछली खाइए. दिल के लिए सबसे अच्छी चीज़ है."

काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत दिल्लीतल्या कुणी मासळीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. समोरच्या मित्तलबाई नाकाला पदर लावून जिना उतरायच्या. म्हणून अहिल्याबाई बांगडा भाजायच्या ते त्या सत्संगाला गेल्यावर, खिडक्या उघडून, चोरासारख्या. आणि आज एवढा मोठा डॉक्टर, गळ्यात नळी घालून, सांगत होता की हेच औषध आहे.

आता यात डॉक्टरांचं काय चुकलं? त्यांच्या डोळ्यांपुढं रोहूचा ताजा तुकडा होता. खारा बांगडा म्हणून काही असतं हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. आणि अहिल्याबाईंना मासळी म्हटलं की नणंदेचा डबाच दिसायचा. दोघं समोरासमोर बसून एकच शब्द बोलले आणि समाधानानं उठले.

घरी येऊन बाईंनी पथ्याला जुंपून घेतलं. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, भाकरीच्या पिठात नाही. डॉक्टर आधं म्हणाले होते, यांनी मिठाची बरणीच वरच्या फळीवर टाकली. लोणचं मोलकरणीला देऊन टाकलं. भात अर्धा केला. तळण बंद. आणि पानात रोज, आता चोरून नव्हे तर औषध म्हणून, भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. आधी पाव तास पाण्यात टाकायचा, खळखळून धुवायचा, मग तव्यावर, तेलाचा थेंब नाही. पूर्वी आठवड्यातून दोनदा व्हायचा तो आता रोज होऊ लागला. वैजयंतीवन्संना फोन गेला, "वन्सं, डबा मोठा पाठवा. डॉक्टरनंच सांगितलंय मासळी खायला." तिकडून वैजयंतीबाई हरखून म्हणाल्या, "बघ! मी म्हणतच होते, माझ्या श्यामला आपलंच अन्न लागू पडेल."

बिनमिठाचं वरण घशाखाली उतरत नसे. श्यामकांत म्हणायचे, "अहिल्या, अजून एक तुकडा दे गं. त्याच्याशिवाय घास जात नाही." त्या द्यायच्या. पथ्याचं खाताहेत बिचारे, एवढं तरी खाऊ देत.

चार महिन्यांत वजन पाच किलो उतरलं. दाब मात्र तसूभर हलला नाही. एकाच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या तीन. स्वरूपानं घरी मशीन आणून दिलं, ते दंडाला बांधलं की अहिल्याबाई श्वास रोखून आकडा बघायच्या. एकशे बहात्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. हे असं कसं? घरात तर मिठाचा कण नाही! मग मीठ येतं कुठून?

आणि त्यांच्या मनात किडा शिरला. बाहेर खातात. दुसरं काय असणार?

श्यामकांत रोज संध्याकाळी त्यांचे ऑफिसातले जुने मित्र श्रीरंगराव यांच्याबरोबर पार्कात फिरायला जायचे. पार्काच्या फाटकाशी समोशाची गाडी. श्रीरंगराव खाण्याचे शौकीन, हे जगजाहीर. झालं. रोज घरी आल्यावर उलटतपासणी. "हात दाखवा. तेलाचा वास येतोय." ते म्हणायचे, "अगं, नाही खाल्लं. बिनसाखरेचा चहा तेवढा घेतला." त्या म्हणायच्या, "मग मशीन खोटं बोलतंय का?" मशीन खोटं बोलत नव्हतंच.

एका रविवारी स्वरूपा म्हणाली, "आई, बाबांचं वजन उतरलंय ना? रोज समोसे खाल्ले असते तर उतरलं असतं का? थोडं लॉजिक लाव ना यार."

"तू नको त्यांची बाजू घेऊस," अहिल्याबाई म्हणाल्या. "मला माशाचा डोळा बघून कळतं, माणसाचा कळणार नाही?" आणि लेकीदेखत त्यांनी नवऱ्याला म्हटलं, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, समोसा खाल्ला नाही म्हणून."

साठीचा माणूस. खालमानेनं उठला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही खाल्ला." स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. अहिल्याबाईंच्या मनाला मात्र उलटंच लागलं. लेकीची खोटी शपथ घेतली या माणसानं! त्या क्षणापासून त्यांनी बोलणं टाकलं.

अकरा दिवस. पान वाढायच्या, गोळ्या काढून ठेवायच्या, मशीन बांधायच्या, आणि बोलायच्या नाहीत. रागानं नव्हे हो, भीतीनं. सासरे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. धडधाकट नाखवा, जाळं ओढता ओढता वाळूत बसला. अंगावरून वारं गेलं म्हणाले गावातले, आणि दर्यावर जाणाऱ्या माणसांना वाऱ्याचं नवल वाटलं नाही. सासरे तीन वर्षं अंथरुणावर होते. तेच आपल्या नवऱ्याच्या नशिबी येणार आणि तो मात्र समोसे खातोय, या विचारानं त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता. पण बोलून दाखवणं राहिलं, आणि नवऱ्याला दिसला तो नुसता अबोला.

बाराव्या दिवशी सकाळी, बांगड्याचा तुकडा पानात पडला तेव्हा, श्यामकांत म्हणाले, "खाल्ला मी समोसा. दोन-तीनदा खाल्ला. आता नाही खाणार. झालं समाधान?"

"मला माहीतच होतं!" अहिल्याबाई म्हणाल्या, आणि अकरा दिवसांचं साठलेलं सगळं त्यांनी एका दमात बोलून टाकलं. रडल्या, चिडल्या, मग हसल्याही. अजून एक तुकडा वाढला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर रागावले. "तांडेलजी, आप सहयोग नहीं करेंगे तो मैं क्या करूँ?" श्यामकांत मान खाली घालून बसले. दाब का उतरत नाही याचं कारण सापडलं होतं, त्यामुळं पुढं कुणी काही विचारलं नाही. पार्कात जाणंही बंद झालं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी अकराला, जेवता जेवता श्यामकांतांच्या हातातला घास खाली पडला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात. काहीतरी म्हणाले, शब्द लागला नाही. ओठ उजवीकडून ओघळला होता. अहिल्याबाई किंचाळत दार उघडून बाहेर धावल्या. समोरच्या मित्तलबाई सत्संगाला निघाल्या होत्या. त्याच मित्तलबाईंनी, नाकाला पदर न लावता, बांगड्याच्या वासानं भरलेल्या घरात शिरून श्यामकांतांना एका बाजूनं धरलं आणि नवऱ्याला गाडी काढायला लावली.

वेळेत पोचले, म्हणून जीव वाचला. उजवा हात आणि जीभ जड झाली.

आठव्या दिवशी वॉर्डातली सिस्टर कागद घेऊन आली. केरळची होती, वयानं पन्नाशीची, हिंदी आपल्या वळणाची. पेशंट घरी काय खात असत ते लिहून घ्यायचं होतं. अहिल्याबाई डोळे पुसत सांगू लागल्या. मिठाचा दाणा नाही, सिस्टर. तेल नाही. अचार नाही. "बाहर का समोसा खाया, उसी ने घात किया. घर में तो मैं रोज मछली देती थी, डॉक्टरसाब ने जैसे बोला."

"रोज? कौन सा मछली?"

"बांगडा. गाँव से आता है. दिल्ली का ताजा अच्छा नहीं होता."

सिस्टरचं लिहिणं थांबलं. तिनं मान वर केली. त्या दवाखान्यात इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले होते, पण पुढचा प्रश्न फक्त किनाऱ्यावरच्या बाईलाच सुचणार होता. "गाँव से आता है तो खराब नहीं होता? नमक में सुखाया हुआ है?"

"हाँ. पर मैं धोती हूँ ना. पानी में डालती हूँ."

"आंटी," सिस्टर खुर्ची ओढून जवळ बसली, "मेरा माँ भी ऐसा ही बोलता था, धोती हूँ. धोने से नहीं जाता. ऊपर का जाता है, अंदर का नहीं जाता. एक टुकड़ा में पूरा दिन का नमक है. हमारे गाँव में भी सब लोग ये खाता है, और सब लोग गोली खाता है."

"डॉक्टर ने बोला था मछली खाओ," अहिल्याबाई म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"ताज़ा बोला होगा, आंटी."

ताजा असं डॉक्टर म्हणाले नव्हते. त्यांना ते म्हणायची गरजच वाटली नव्हती.

अहिल्याबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. रोज सकाळी पाव तास पाण्यात टाकलेला तुकडा त्यांना दिसत होता, आणि वर स्वतःच्या हातानं वाढलेला दुसरा तुकडा. वाळूत बसलेले सासरे दिसले. गावात कमरेला गोळ्यांचा बटवा लावून फिरणाऱ्या बायका दिसल्या, जड झालेल्या, सुजल्या पायांच्या, त्यांत वैजयंतीवन्सं पण. सगळ्या म्हणायच्या, वय झालं. देवा रे! अख्ख्या गावाला कुणी सांगितलंच नाही. मग त्यांनी फोन लावला.

सगळं ऐकून वैजयंतीबाईंचा आवाज आला, "म्हणजे माझ्याच हातानं?"

"तुमच्या नाही, वन्सं. माझ्या. पान मी वाढत होते." अहिल्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्हीसुद्धा आजपासून बंद करा. ऐकताय ना? तुमच्या दाराशी ताजी मासळी येते, ती खा. मला आता आणखी कुणाला असं बघायचं नाही."

संध्याकाळी स्वरूपा डॉक्टरांना भेटायला गेली होती. श्यामकांत उशीला टेकून बसले होते. अहिल्याबाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्या हाताला काही कळत होतं की नाही कोण जाणे.

"समोसा खाल्ला नव्हता ना तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"एकदाही नाही?"

नाही.

"मग हो का म्हणालात? डॉक्टर एवढं बोलले, खाली मान घालून का ऐकून घेतलंत? तेव्हाच नाही म्हणाला असतात, धरून ठेवलं असतंत, तर कुणीतरी शोधलं असतं हो! कुणीतरी विचारलं असतं, घरात काय वाढता म्हणून!" त्यांना रडू आवरेना. चूक आपली, आणि अजूनही ओरडतोय आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या आणखीच रडल्या.

श्यामकांतांनी तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागत होता. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. अहिल्याबाई वाकून कान जवळ नेऊन बसल्या.

"तू," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "बोलत नव्हतीस."

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. श्यामकांत काठीनं घरातल्या घरात चालतात. दाब उतरलाय, तीन गोळ्यांची एकच राहिली आहे. रविवारी स्वरूपा येताना ताजा रोहू आणते. अहिल्याबाई त्याचा कल्ला उचलून बघतात, नाक मुरडतात आणि लसूण, हिरवी मिरची, लिंबू लावून उकडतात. श्यामकांत चिखल खाल्ल्यासारखं तोंड करतात आणि खातात. श्रीरंगराव येऊन बसतात. त्यांच्यावर उगाच संशय घेतला म्हणून अहिल्याबाई त्यांचे पाय धरायलाच निघाल्या होत्या, त्यांनी कसंबसं थांबवलं. पत्र्याचा रिकामा डबा माळ्यावर आहे. टाकून द्यायला हात होत नाही, कारण वैजयंतीवन्संच्या हातचे चिकटपट्टीचे तुकडे अजून त्यावर आहेत, आणि वन्सं गेल्या पावसाळ्यात गेल्या.

आणि बाई बोलतात. सकाळी चहा ठेवल्यापासून बोलतात. दूधवाला काय म्हणाला, मित्तलबाईंची सून कशी आहे, गावात कुणाच्या जाळ्यात काय लागलं, काही नसलं तर भिंतीचा रंग कसा उडालाय ते. स्वयंपाकघरातून बोलतात, न्हाणीघरातून बोलतात. लोक हसतात, हसू देत. मध्येच कधी दम लागून त्या थांबल्या, तर आतल्या खोलीतून जड जिभेचा आवाज येतो, "पुढं?"

मग त्या पुढं सांगतात.